आठ किलोवॅटचा मोह

चुलीची आच कमी करायची झाली की आपण लाकूड मागे ओढतो. इंग्लंडमधल्या घरांत बैठकीच्या खोलीत जो लोखंडी स्टोव्ह बसवतात, त्यात ही सोय नाही. लाकूड आत, दार बंद, आणि हातात उरते ती हवा कमी-जास्त करायची कळ. स्टोव्ह केवढा घ्यावा, या प्रश्नाची गोम इथेच आहे. (स्टोव्ह म्हटल्यावर पिन मारायचा रॉकेलचा स्टोव्ह आठवला असेल, तर तो नव्हे. ही काचेच्या दाराची, बिडाची किंवा पोलादाची पेटी; धुराडं थेट छपराबाहेर.)

दुकानात स्टोव्ह किलोवॅटवर विकले जातात. तिथला ढोबळ हिशेब असा: खोलीच्या दर 14 घनमीटरला 1 किलोवॅट. साडेचार मीटर लांब, चार मीटर रुंद आणि 2.4 मीटर उंच खोली म्हणजे 43 घनमीटर, म्हणजे जेमतेम 3 किलोवॅट. घर जुनं दगडी, खिडक्यांना एकेरी काच, दाराखालून वारा येतोय, तर 14 ऐवजी 10 ने भागा, उत्तर 4.3. नव्या, भिंतींत उष्णतारोधक थर भरलेल्या घरात 25 ने भागतात, आणि मग एवढा छोटा स्टोव्ह मिळणंच मुश्कील होतं. शिवाय हा हिशेब बाहेर शून्याच्या आसपास तापमान असतानाचा. तिथल्या हिवाळ्यातले बरेच दिवस त्याहून उबदार असतात, म्हणजे गरज आणखी कमी.

तरीही माणसं 8 किलोवॅटचा घेतात. ‘असू दे, कडाक्याच्या थंडीत कामाला येईल.’

मग काय होतं? अर्ध्या तासात स्वेटर उतरतात, खोलीत बसवत नाही, आणि कोणीतरी उठून हवेची कळ बंद करतं. आता काचेतून आत बघा. पिवळा, नाचरा जाळ आधी मंद नारिंगी होतो, मग विझतोच, आणि ओंडका नुसता धुमसत राहतो. लाकूड तापलं की त्यातून वायू निघतात आणि जाळ दिसतो तो मुख्यतः त्यांचा. हवा तोडली तरी वायू निघायचे थांबत नाहीत. ते न जळता वर जातात आणि गार धुराड्यात डांबरासारखे चिकटतात. या थराला क्रिओसोट म्हणतात. पुढे एखाद्या दिवशी जाळ मोठा झाला की हाच थर पेट घेतो आणि धुराडंच आतून भडकतं. त्याआधी काच इशारा देते: सकाळी तिचे कोपरे कडक कॉफीच्या रंगाचे दिसले, तर स्टोव्ह घुसमटतोय.

मोठ्या स्टोव्हमध्ये थोडंच लाकूड घालू, असंही वाटतं. पण एवढ्याशा जाळाने मोठ्या पेटीला आतून लावलेल्या विटा पुरेशा तापत नाहीत, आणि त्या तापल्याशिवाय ज्वलन स्वच्छ होत नाही. पुन्हा धूरच.

उलट बाजूने हिशेब करून बघा. सुक्या लाकडाच्या एका किलोत साधारण 4 युनिट उष्णता असते. त्यातली पाऊण खोलीत आली, तर 3. म्हणजे 5 किलोवॅटच्या स्टोव्हला तासाला दीड-पावणेदोन किलो लाकूड लागेल. मनगटाहून जरा जाड, वीतभर लांबीचे दोन तुकडे. एवढं सरपण रोज संध्याकाळी चार तास आणून घालणार आहात का, तेही विचारा. आणि सरपण सुकंच हवं. दोन तुकडे एकमेकांवर आपटले की ठणठणीत वाजले पाहिजेत. बद्द आवाज आला तर ते ओलं. इंग्लंडमध्ये मे 2021 पासून किरकोळ विकल्या जाणाऱ्या लाकडात 20 टक्क्यांपर्यंतच ओल चालते.

माहितीपत्रकात ठळक छापलेला आकडा फार मनावर घेऊ नका. बारीक अक्षरात ‘2 ते 7’ असं काहीतरी असतं. त्यातला खालचा आकडा बघायचा: हा स्टोव्ह किती मंद आचेवर नीट जळतो, ते त्यावरून कळतं.

तिथे 5 किलोवॅटचे स्टोव्ह इतके का खपतात, याला आणखी एक कारण आहे. जुन्या, फटी असलेल्या घरात 5 किलोवॅटपर्यंत वेगळा झरोका लागत नाही. त्यावरच्या प्रत्येक किलोवॅटला 550 चौरस मिलिमीटरचं, कधीही बंद न होणारं भोक नियमाने पाडावं लागतं. म्हणजे 8 वाल्याने भिंतीतून गार वारा आत घ्यायचा आणि तोच तापवत बसायचं. नव्या हवाबंद घरात मात्र स्टोव्ह कितीही लहान असो, झरोका हवाच. कार्बन मोनॉक्साइडची सूचना देणारा भोंगाही लागतोच. तो छताला, स्टोव्हपासून एक ते तीन मीटरवर.