नासक हिरा : लुटीच्या मालाची ओळख

नाशिकचे नाव इंग्रजी वळणाने मिरवणारा ‘नासक’ हा गोवळकोंड्याचा हिरा. तो त्र्यंबकेश्वराच्या देवळातला, असे परंपरा सांगते. तिसऱ्या इंग्रज-मराठा युद्धात, 1818 मध्ये, दुसऱ्या बाजीरावाच्या जडजवाहिरातून तो ईस्ट इंडिया कंपनीच्या हाती लागला आणि लंडनच्या बाजारात गेला. तेव्हा तो सुमारे 90 कॅरटचा होता. लंडनच्या जवाहिऱ्यांनी नव्याने पैलू पाडले, तेव्हा सुमारे 80 उरले. 1940 मध्ये न्यूयॉर्कच्या हॅरी विन्स्टनने तो 43.38 कॅरटवर, म्हणजे पावणेनऊ ग्रॅमच्या आत आणला.

निम्म्याहून अधिक हिरा गेला, आणि सोबत ओळखही. हिरा म्हणजे जवळजवळ निव्वळ कार्बन. गोवळकोंड्याच्या अनेक नामांकित हिऱ्यांत नायट्रोजन नाममात्र असतो. अवरक्त किरणांच्या तपासणीत ते कळते, पण तसे हिरे आफ्रिकेतही निघतात. त्यामुळे खाण ठरत नाही, मग मालक कुठून ठरणार? भिंगाखाली दिसणारे आतले डाग आणि रेषा हीच काय ती खूण, पण पैलू पाडताना सहसा तीच आधी उडवली जाते.

पाषाणाची किंवा धातूची मूर्ती इतकी सहज रूप पालटत नाही. दगडातली खनिजे, खाचांत अडकलेली माती, झिजेच्या आणि भंगाच्या जागा बोलतात. मात्र जुळवून पाहायला जुना फोटो हवा. तमिळनाडूतील श्रीपुरंदानचा चोरीला गेलेला नटराज ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय कलादालनात सापडला. पुदुच्चेरीच्या फ्रेंच संस्थेने 1994 मध्ये देवळातच काढलेल्या फोटोंशी तो पडताळला गेला आणि 2014 मध्ये मायदेशी परतला.

कायदा नासकच्या बाबतीत उशिराच आला. 1927 मध्ये तो शंभर वर्षांपूर्वीची कलावस्तू म्हणून जकात न भरता अमेरिकेत आला, तेव्हा कोर्टबाजी झाली खरी, पण ती जकातीपुरती. एप्रिल 1970 मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात तो पाच लाख डॉलरला गेला. त्याच वर्षी नोव्हेंबरात सांस्कृतिक वस्तूंच्या अवैध व्यापाराविरुद्ध युनेस्कोचा करार झाला, पण तो मागच्या लुटीला लागू होत नाही. 2015 मध्ये सुरक्षा परिषदेने इराक आणि सीरियातील लुटीच्या पुरावस्तूंचा व्यापार रोखण्याचे बंधन सर्व देशांवर घातले.

भारतात 1972 च्या कायद्याने खासगी व्यक्तींना पुरावस्तू परदेशी पाठवता येत नाहीत, आणि ठरावीक प्रकारच्या वस्तूंची फोटोसह नोंदणी सक्तीची आहे. दागिन्यांच्या नोंदीत मात्र एकच फोटो पुरत नाही. प्रत्येक खड्याचे वजन, मापे, कोंदणाची घडण आणि भिंगाखालचे आतले डाग टिपावे लागतात, तेही वस्तू जागेवर असतानाच.