मेक्सिकन कोळंबी पास्ता : पौष्टिक किती, भारी किती?

बिदर/कलबुर्गी : मोबाईलवर मेक्सिकन पद्धतीचा तिखट कोळंबी पास्ता दिसला की पोरं घरी हट्ट धरतात. भालकी, औराद, आळंद असो की पलीकडचं उदगीर, उमरगा. समुद्र शेकडो किलोमीटर लांब. कोळंबी महाग पडते. मग एवढा खर्च करून अंगाला लागतं काय?

पदार्थ वाटतो तितका परका नाही. मेक्सिकोत 'फिदेओ' नावाच्या बारीक शेवया तेलात परतून टोमॅटो-मिरचीच्या रश्शात शिजवतात. म्हणजे आपल्या शेवयांच्या उपम्याचा झणझणीत भाऊच. मिरची तर मूळची तिकडचीच. पोर्तुगीजांमुळे १६व्या शतकात ती आपल्याकडे आली. तळ्यात वाढवलेली व्हेनामी कोळंबीसुद्धा मूळ मेक्सिको ते पेरूच्या किनाऱ्याची. भारतात तिच्या पालनाला २००९ मध्ये परवानगी मिळाली. आज आंध्र प्रदेश त्यात आघाडीवर आहे.

एका ताटाचा हिशेब

कोरडा पास्ता ८० ग्रॅम : सुमारे २८० कॅलरी, १० ग्रॅम प्रथिने.
सोललेली कोळंबी १०० ग्रॅम : शंभरच्या आत कॅलरी, सुमारे २० ग्रॅम प्रथिने.
तेल एक मोठा चमचा : सुमारे १२० कॅलरी.

कांदा, टोमॅटो, ढोबळी मिरची धरून ताट ५५० कॅलरीच्या आसपास बसतं. प्रथिने ३० ग्रॅम. वाईट नाही.

गणित बिघडतं ते चीज-क्रीममुळे. ३० ग्रॅम चीज आणि तीन चमचे क्रीम पडलं की साधारण २०० कॅलरी वाढल्या. वर मीठही वाढतं. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खायला सांगते. त्यामुळे बाजारातली सुकट वापरायची असेल तर आधी भिजवून धुवा आणि वरून मीठ बेतानं घाला. शुगर असणाऱ्यांनी पास्ता कमी, भाजी जास्त घ्यावी.

घेताना बघा

फ्रोजन पाकिटातली कोळंबी एकाच गोळ्यात चिकटली असेल तर ती मधे वितळून पुन्हा गोठलेली असू शकते, घेऊ नका. वितळवायची ती फ्रीजमध्येच. कोळंबी खाल्ल्यावर अंगावर गांधी उठल्या, ओठ सुजले, तर ती ॲलर्जी समजा आणि डॉक्टरांना दाखवा. श्वास लागला तर क्षणभरही थांबू नका.

कोळंबी परवडत नसेल किंवा चालत नसेल, तरी काही अडत नाही. २०१९ मध्ये जीआय मानांकन मिळालेली कलबुर्गीची तूर घरात आहेच. तिच्या ९० ग्रॅम कोरड्या डाळीतही जवळपास २० ग्रॅम प्रथिने मिळतात.