फाइल-वस्तू आणि तिचा डिस्क्रिप्टर

पायथन भाषेतील फाइल-वस्तू आणि कार्यप्रणालीने दिलेला डिस्क्रिप्टर या दोन भिन्न गोष्टी होत. डिस्क्रिप्टर हा केवळ एक लहान पूर्णांक. फाइल-वस्तूस मात्र बहुधा स्वतःचा बफर असतो. पायथनच्या दुसऱ्या आवृत्तीत ही वस्तू सी-भाषेच्या फाइल-दर्शकावर उभी होती. २००८ साली आलेल्या तिसऱ्या आवृत्तीत तो आधार सुटला. आता सी-भाषेतून पूर्णांक हवा असल्यास 'पायऑब्जेक्ट_अ‍ॅजफाइलडिस्क्रिप्टर' हे फलन वापरावे. ते वस्तूच्या 'फाइलनो' पद्धतीस विचारते आणि अपयश आल्यास -१ देते.

खरी अडचण यापुढे आहे. या पूर्णांकावर थेट लिहिलेला मजकूर बफरात थांबलेल्या आधीच्या मजकुरास ओलांडून जातो. पाठसंग्रह लिहिणाऱ्यास वाक्यांचा क्रम बिघडल्याचे कळतही नाही. म्हणून प्रथम 'फ्लश' करणे अगत्याचे.

उलट दिशेने, 'पायफाइल_फ्रॉमएफडी'ने वस्तू घडविताना 'क्लोजएफडी' शून्य न ठेवल्यास वस्तू मिटताच डिस्क्रिप्टरही मिटतो. सी-भागाने तोच पुन्हा मिटविला तर? भाषाशास्त्रज्ञास हा अंक सर्वनामासारखा वाटेल: युनिक्स-परंपरेत रिकामा असलेला सर्वांत लहान अंक पुढच्या फाइलीस मिळतो. मग परकीच फाइल मिटते, आणि दोष दिसतो तो भलतीकडेच.