करडाचे रक्त काय सांगते?

जुन्नर-आंबेगावच्या पश्चिम पट्ट्यात, घाटघर-आहुप्याच्या बाजूला पावसाची झड लागली की गोठे ओले राहतात आणि करडांना हगवण लागते. करडू माझ्यापुढे येते ते बहुधा दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी. "काल तर दूध पीत होतं," एवढीच माहिती मिळते. जंतू पोटात केव्हा गेले हे मालकाला ठाऊक नसते, मलाही नसते.

प्रयोगात नेमके तेच ठाऊक असते. करडांना ठरल्या वेळी मोजून जंतू देतात, त्याआधी आणि नंतर ठरावीक अंतराने मानेच्या शिरेतून रक्त घेतात. तुलनेसाठी जंतू न दिलेली करडेही ठेवतात. रक्त कोणत्या क्रमाने बदलते ते यातून कळते.

निरोगी शेळीच्या एक घन मिलिमीटर रक्तात साधारण ४ ते १३ हजार पांढऱ्या पेशी असतात. त्यांत लिम्फोसाइट जास्त, न्यूट्रोफिल कमी. माणसाच्या अगदी उलट. जंतुसंसर्ग झाला की हे पारडे फिरते. मात्र संसर्ग जबर असेल तर सुरुवातीला पांढऱ्या पेशी वाढण्याऐवजी घटतात. त्या रक्तातून निघून सुजलेल्या भागाकडे धावतात, हाडांतील मगजाला तितक्या वेगाने नव्या पेशी पुरवता येत नाहीत, मग अपक्व पेशीच रक्तात उतरतात. वाढलेल्या आकड्यापेक्षा हा घटलेला आकडा मला अधिक धास्तीचा वाटतो.

तांबड्या पेशी तर चक्क फसवतात. हगवणीत अंगातले पाणी गेले की रक्त दाटते आणि हिमोग्लोबिन छान दिसते. मालक खूश, करडू मात्र सुकत चाललेले! (पापणी आतून पांढरीफटक असेल तर तो बहुधा जंतांचा प्रताप, तो विषय वेगळा.) शेळीची तांबडी पेशी माणसाच्या पेशीच्या निम्म्याहूनही लहान असते. त्यामुळे माणसांच्या लॅबमधील यंत्राचे आकडे तसेच्या तसे धरू नयेत.

करडू जन्मते तेव्हा त्याच्या रक्तात आईची रोगप्रतिकारक द्रव्ये जवळजवळ नसतात. ती चिकातूनच मिळतात. आतडे ती जेमतेम पहिला दिवसभर शोषू शकते, तेही तासागणिक कमी. वार पडेपर्यंत चीक पाजायचा नाही, ही आपल्याकडची समजूत म्हणूनच घातक आहे. पहिल्या तासाभरात चीक पाजावा. दोन किलोच्या करडाला पहिल्या दिवसात मिळून सुमारे २०० मिलिलिटर पोटात जायला हवा. नाळेला टिंक्चर आयोडीन लावावे, खाली कोरडा पेंढा घालावा.

हगवण लागलीच तर मानेची कातडी चिमटीत धरून सोडून पाहा. ती लगेच सपाट झाली नाही तर करडाला सलाइनची गरज आहे. उद्याची वाट न पाहता त्याच दिवशी पशुवैद्यकीय दवाखाना गाठावा. आणि आजारी करडाला हाताळल्यावर साबणाने हात धुवावेत, घरातल्या लहान मुलांनी तर आवर्जून.