पहिले बचत खाते: बँक निवडताना

खोपोली-रसायनीच्या कारखान्यात नोकरी लागून कर्जत किंवा खालापुरात भाड्याने राहणाऱ्या तरुणाचे पहिले खाते बहुधा कंपनीच उघडून देते. हे पगार खाते असते. पगार येणे थांबले की ते साध्या बचत खात्यात बदलू शकते आणि मग काही बँकांत किमान शिल्लक ठेवण्याची अट लागू होते. तिथे शिल्लक कमी पडली तर दंड बसू शकतो. त्यापेक्षा मूलभूत बचत खाते बरे. त्यात किमान शिल्लक लागत नाही.

खरा प्रश्न ठेवीच्या सुरक्षिततेचा आहे. शेजारच्या पनवेलमधील कर्नाळा नागरी सहकारी बँकेचा परवाना रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट 2021 मध्ये रद्द केला. अशा वेळी ठेव विमा आधार देतो: 4 फेब्रुवारी 2020 पासून एका बँकेतील एका ठेवीदाराला, मुद्दल व व्याज धरून, 5 लाख रुपयांपर्यंत संरक्षण आहे. व्यापारी बँका आणि नागरी व जिल्हा सहकारी बँका या विम्याखाली येतात. पतसंस्था मात्र येत नाहीत, म्हणून चढ्या व्याजासाठी सगळी बचत तिथे ठेवणे धोक्याचे. त्यानंतर घराजवळची शाखा, एटीएम आणि मोबाइल सेवा पाहावी. नामनिर्देशन खाते उघडतानाच करावे.