गळ, दोरा आणि दहा रुपये

सकाळी साडेसात. नागपुरातली जानेवारीची थंडी, बोटं वळेनात आणि मला दोऱ्याला गाठी मारायच्यात. संध्याकाळी वस्तीतल्या वाचनालयासाठी आनंदमेळा आहे, त्यात माझा मासे पकडायच्या खेळाचा स्टॉल. 23 सप्टेंबर 2023च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडला, तेव्हा खालच्या फळ्यांवरच्या पुस्तकांचा लगदा झाला. तलावानं नेलेली पुस्तकं मासे पकडून परत आणायची, हे कमिटीत बोलून दाखवलं तर कुणी हसलंसुद्धा नाही.

दहा वाजता इतवारीत. खोडरबर, शार्पनर, शिट्ट्या घाऊक भावात घेतल्या. मोठं बक्षीस संत्रा बर्फी. बक्षीस तिकिटापेक्षा महाग पडलं की स्टॉल बुडाला, म्हणून पिशवीत बर्फी थोडी आणि खोडरबर फार.

दुपारी बारा. जुन्या लग्नपत्रिकांचा पुठ्ठा जाड, त्याचे मासे छान होतात. प्रत्येकाच्या तोंडाशी लोखंडी यू-पिन. पितळी टाचणी चालत नाही, चुंबक तिला विचारत नाही. चुंबकाचंही तसंच नाजूक काम: जुन्या स्पीकरमधला लावला तर एका फटक्यात चार मासे वर येतात, फ्रिजवरचा लावला तर एकही टिकत नाही. मी गोळीएवढे आणलेत. टबात पाणी घालायचं नाही, निळी साडी अंथरायची. भिजलेल्या बाह्यांवरून आया भांडतात.

तीन वाजता मंडपात. शेजारी सांबारवडीचा स्टॉल, म्हणजे गर्दीची चिंता मिटली.

पाच ते आठ. खरा धंदा. दहा रुपयांत एक मिनिट, माशांच्या पाठीमागे पाच गुण, दहा गुण लिहिलेले. लहानग्यांना आखूड दोऱ्याची काडी देते. दोरा आखूड असला की चुंबक कमी झुलतो. दहा वर्षांवरच्यांना लांब दोरा. एखादा हिसका मारतो, मासा पडतो, रांगेतले पोट्टे ओरडतात.

"काकू, माहा मासा सुटला!"

"काहून ओढला बाप्पा जोरानं? हळू घे."

तो पुन्हा दहाची नोट काढतो. स्टॉलची निम्मी कमाई या दुसऱ्या तिकिटात असते. पण रिकाम्या हातानं कुणाला सोडत नाही. खोडरबर तरी देतेच. रडत गेलेलं पोर भावंडाला घेऊन परतत नाही.

तलावावर जाळं टाकणारे एक ढीवर काका नातवाला घेऊन आले. माझ्या पुठ्ठ्याच्या माशांतली मरळ उचलून म्हणाले, "हिचं डोकं सापावानी पाहिजे. अन् ही तळाशी काहून ठेवली? मरळ हवा घ्यायले वर येते." मी ती उचलून सगळ्यांच्या वर ठेवली आणि दहा गुण दिले. नातवानं तिलाच गाठलं.

साडेनऊ. चिल्लर मोजणं. खजिनदारांचं म्हणणं, पुढच्या वर्षी तिकीट वीस करू. मी सरळ नाही म्हटलं. वीस केलं तर दुसरं तिकीट कोण काढेल? त्यापेक्षा काड्या वाढवा, आणि माझ्या मदतीला कुणीतरी द्या.