सीताखाईखालची पायवाट

नंदुरबार जिल्हा 1 जुलै 1998 रोजी धुळे जिल्ह्यातून वेगळा झाला. आपल्या व्यापारी कुटुंबांच्या नजरेत मात्र या मुलखाचे दोन भाग फार पूर्वीपासून आहेत. एक तापीकाठचा सपाट प्रदेश : शहादा, तळोदा, नंदुरबारच्या पेठा, लाल मिरचीच्या पथाऱ्या, कापसाच्या गाड्या. दुसरा त्याच्या उत्तरेस भिंतीसारखा उभा असलेला सातपुडा. तो डोंगर गल्ल्यावर बसूनही दिसतो. तिथली माणसेही आपल्या ओळखीची असतात, कारण मीठ, कापड आणि चांदीचे दागिने घेण्यासाठी ती आठवडे बाजारी खाली उतरतात. आपण वर जातो ते बहुधा मोटारीने. सातपायरीचा घाट चढायचा, तोरणमाळच्या यशवंत तलावाला फेरी मारायची, सीताखाईच्या काठावरून खाली डोकावायचे आणि परत फिरायचे.

त्या खाईच्या तळाशीही वस्ती आहे, पाड्यापाड्यांतून पावरा आणि भिल्ल कुटुंबे राहतात, हे डोकावताना सहसा लक्षात येत नाही.

गेल्या कार्तिकी पौर्णिमेनंतर, चातुर्मास संपून व्यापारही थोडा निवळल्यावर, मी आणि माझा बालमित्र खाली उतरणाऱ्या पायवाटेने निघालो. मित्राचे शहाद्यात कापडाचे दुकान आहे. त्याने आदल्या रात्री दिवसाचे पत्रकच मांडले होते : सकाळी सातला तोरणमाळ सोडायचे, दहापर्यंत तळ गाठायचा, दुपारी चारच्या आत पुन्हा वर यायचे. त्याचा रात्रिभोजनाचा त्याग असून सूर्यास्तानंतर तो पाणीही घेत नाही. म्हणून सूर्य पावणेसहाच्या सुमारास मावळतो, हे त्याने सर्वांत आधी लिहून ठेवले होते.

तोरणमाळची उंची सुमारे 1,150 मीटर. पावसाळ्यानंतर तिथल्या उतारांवर पुरुषभर उंचीचे गवत माजते आणि साग, सालई, मोहाच्या बुंध्यांवर नाना वेली चढतात. त्यांतलीच एक खाजकुयली. तिच्या तपकिरी शेंगा दिसायला मखमली, पण त्यांची सूक्ष्म लव अंगावर पडली की माणसाचे भान हरपते. मित्राने वाट मोकळी करण्यासाठी काठीने वेल बाजूला सारली आणि शेंगांचा घोस नेमका त्याच्या मानेवर झडला. पुढचा अर्धा तास त्या गंभीर, मितभाषी गृहस्थाने जे नृत्य केले, ते त्याच्या गिऱ्हाइकांनी पाहिले नाही हे बरे. या गडबडीत पायवाट गवतात कुठे बुडाली ते कळले नाही.

वाट शोधताना घसरडीवरून त्याचा पाय निसटला. आठ-दहा फूटच घसरला असेल, पण उठता येईना. पाण्याची एक बाटली दरीत गेली. डावा घोटा बघता बघता सुजला. मोबाईलला संपर्कक्षेत्र नव्हते. अक्राणी तालुक्याच्या कितीतरी भागात ते नसतेच. मी हाका मारीत राहिलो आणि प्रत्येक हाकेनंतर दरी माझाच आवाज परत करीत राहिली.

याच तालुक्यातील अस्तंभा डोंगरावर दिवाळीत मोठी यात्रा भरते. वाट चुकलेल्या यात्रेकरूंना तिथे अश्वत्थामा भेटतो, कपाळीच्या जखमेसाठी तेल मागतो आणि मार्ग दाखवतो, अशी श्रद्धा आहे. तासाभराने गवत हलले आणि शेळ्यांमागून एक वृद्ध पावरा प्रकटला, तेव्हा वेदनेतही मित्र पुटपुटला, "तेल आणलंय का रे आपण?"

वृद्धाने तेल मागितले नाही. त्याने घोटा पाहिला, "शेठ, पाय हलवू नको," एवढे बजावले, बांबूच्या दोन कामट्या तासून पायाला बांधल्या आणि पाड्यावरून तीन तरुण बोलावून आणले. त्यांच्या आधाराने आम्ही पहिल्या झोपडीपर्यंत पोहोचलो. घरातील बाईने मित्राची मान पाहून न विचारताच चुलीतली कोरडी राख आणली आणि खाजेवर चोळली. पाणी उकळून मिळेल का, असे मी संकोचाने विचारले. तिने पातेले चुलीवर चढवले, गाळायला स्वतःचे धुतलेले फडके दिले. मक्याची भाकरी आम्ही दोघांनी तिथेच खाल्ली.

मग झोळी बांधली गेली. एक जाड बांबू, त्याला दोन्ही टोकांशी गाठ मारलेले घोंगडे, आणि त्या घोंगड्यात माणूस. अक्राणी आणि अक्कलकुवा तालुक्यांतील रुग्णांना असे वाहून आणल्याच्या बातम्या आपण वाचतो. वर्तमानपत्रांनी या झोळीला 'बांबूलन्स' असे खेळकर नावही दिले आहे. तिच्यामागून डोंगर चढताना ते नाव मला खेळकर वाटेना. दोघे वाहत, दोघे मोकळे चालत आणि दर काही पावलांनी खांदा बदलत. चढाच्या अवघड जागी पुढचा माणूस गुडघ्यांवर येई, म्हणजे झोळी समांतर राही. हे त्यांना कोणी सांगावे लागत नव्हते. त्यांपैकी एकाने बोलता बोलता सांगितले की, मागच्या पावसाळ्यात त्याने आपल्या बायकोला बाळंतपणासाठी याच वाटेने नेले. तेव्हा नाल्याला पूर होता, म्हणून काठावर थांबावे लागले.

"किती वेळ?" मी विचारले.

"पाणी उतरेपर्यंत."

मूल वाचले का, हे विचारण्याचे धैर्य मला झाले नाही. थोड्या वेळाने त्यानेच सांगितले, मुलगी आहे, चालू लागली आहे.

अर्ध्या चढावर सूर्य मावळला. मित्राने त्याआधी दोन घोट पाणी घेतले होते. नंतर वाहकांनी दोनदा बाटली पुढे केली, त्याने दोनदा हात जोडले. वृद्धाने त्याच्याकडे क्षणभर पाहिले आणि बाटली खाली ठेवली. पठारावर आमच्या गाडीपाशी पोहोचलो तेव्हा साडेसात वाजले होते. त्यांनी मजुरी सांगितली. चौघांचा दिवस गेला होता आणि रक्कम वाजवी होती. पैसे मोजून, चार भाग करून, त्यांनी बांबू खांद्यावर घेतला. आम्ही बॅटरी देऊ केली ती घेतली आणि अंधारात आल्या वाटेने उतरले.

शहाद्यात क्ष-किरण तपासणीत घोट्याच्या हाडाला चीर निघाली. सहा आठवडे प्लास्टर राहिले. त्या काळात मित्राने दुकानातून पाड्यावर दोन नवी घोंगडी पाठवली. जुने घोंगडे काट्यांनी फाटले होते, हे त्याने झोळीतून पाहिले होते.

होळीपूर्वी डोंगरात भोंगऱ्या बाजार भरतात आणि त्या दिवसांत शहाद्याच्या कापड दुकानांतही पाय ठेवायला जागा नसते. तशा गर्दीत तो वृद्ध नातसुनेसह दुकानात आला. आधी त्याने मित्राला उठून चालून दाखवायला लावले. समाधान झाल्यावर बैठकीवर बसून लुगडी उलगडायला सांगितली आणि भावावरून नेहमीप्रमाणे वीस रुपयांसाठी अर्धा तास हुज्जत घातली.